२७ वेढ्यांची शर्यत : रेडिओ-नियंत्रित गाड्यांतील 'समान' मोटरचा इतिहास

१/ १९७६ साली जपानच्या तामिया कंपनीने पोर्शे ९३४ची रेडिओवर चालणारी प्रतिकृती बाजारात आणली. तिच्यात माबुची कंपनीची आरएस-५४० ही विद्युत मोटर होती. जेमतेम ३६ मिलिमीटर व्यासाचा तो पत्र्याचा डबा पुढे या खेळाचे प्रमाण माप ठरला.

२/ १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील डेल मार येथे १:१० प्रमाणाच्या विद्युत ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. या वरच्या गटात मोटर हवी तशी गुंडाळता येई. अशा मोटर बांधणाऱ्यांपैकी माइक रीडी यांचे नाव आजही मोटरवर छापले जाते. सामान्य खेळाडूसाठी मात्र 'स्टॉक' गट होता. अमेरिकेतील 'रोअर' या संस्थेच्या नियमांनुसार या गटातील मोटरच्या आर्मेचरवर तारेचे २७ वेढे असत आणि टायमिंग २४ अंशांवर पक्के केलेले असे. मोटर स्वस्त असावी आणि सर्वांची सारखी असावी, हा त्यामागील हेतू.

३/ वेढे कमी केले की मोटरचा वेग वाढतो, पण ती बॅटरीतून वीजही अधिक ओढते. टायमिंग म्हणजे चुंबकांच्या संदर्भात ब्रशांचे स्थान. ते पुढे सरकवले की फेरे वाढतात आणि मोटर तापते. या दोन्ही वाटा नियमाने बंद केल्या. पण एक भाग बंद करणे शक्यच नव्हते : ब्रश. घरच्या मिक्सरमध्ये ज्याला 'कार्बन' म्हणतात, तोच हा. तो झिजतो, म्हणून बदलू द्यावाच लागतो. नियमाला एवढी एकच फट होती.

४/ मग त्या फटीतून सारी कारागिरी आत शिरली. ब्रशात तांबे किती, चांदी किती, यावर वाद झडू लागले. स्प्रिंग कडक लावली तर अतिवेगातही ब्रश कम्युटेटरला चिकटून राहतो, पण घर्षण वाढते. सैल लावली तर ठिणग्या उडतात. कोरी मोटर पाण्याच्या पेल्यात बुडवून कमी दाबावर फिरवत, म्हणजे ब्रशाचे टोक कम्युटेटरच्या गोलाईत बसे. नंतर ती वाळवून बुशिंगला तेल देत. उघडता येणाऱ्या स्टॉक मोटर आल्यावर तर लहानसा लेथच शर्यतीच्या मेजावर येऊन बसला. काळवंडलेल्या तांब्यावरून हिऱ्याच्या टोकाने केसाइतका थर उतरवून कम्युटेटर पुन्हा अचूक गोल केला जाई.

५/ हे सारे कामी आले की नाही, हे कानाला कळत नसे. त्यासाठी 'डायनो' आला. ठरावीक जडत्वाचे चक्र मोटरला जोडून ते किती त्वरेने वेग घेते, यावरून हे यंत्र पीळ, शक्ती आणि कार्यक्षमता काढून देई. एकाच पेटीतील, एकाच कारखान्यातील दोन मोटर डायनोवर वेगळ्या निघत! ज्याला अनेक विकत घेऊन त्यांतील उत्तम निवडणे परवडे, त्याची 'समान' मोटर इतरांहून सरस ठरे. ज्या मुलाकडे एकच मोटर होती, त्याच्यासाठी हा गट नावापुरताच स्वस्त उरला.

६/ एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रशविरहित मोटर आली. २७ वेढ्यांची जागा १७.५ने घेतली, लेथ माळ्यावर गेले. पण आता वेगनियंत्रक विद्युत मंडलातूनच टायमिंग पुढे सरकवता येऊ लागले. अखेर स्टॉक गटासाठी नवी अट आली : ही सोय पूर्ण बंद हवी आणि तसे दाखवणारा नियंत्रकावरील दिवा लुकलुकत असायला हवा. म्हणूनच या गटाचे चालू नाव 'ब्लिंकी' पडले.