कार कॅरिअर चालक

कार कॅरिअर चालक म्हणजे कारखान्यातून किंवा साठवण आवारातून नव्या मोटारी दुमजली ट्रेलरवर चढवून विक्रेत्यांपर्यंत पोचवणारा अवजड वाहनचालक होय. अशा वाहनाला बोलीभाषेत 'कार कॅरिअर' किंवा नुसते 'कॅरिअर' म्हणतात. इतर मालवाहतुकीत माल भरण्याचे काम बहुधा हमाल करतात. या व्यवसायात मात्र मोटारी चढवणे, बांधणे, तपासणे आणि उतरवणे ही कामे बहुतांशी चालक व त्याच्या सहायकाकडे असतात. त्यामुळे वाहन चालवण्याच्या कौशल्याइतकेच शारीरिक श्रमाला व अचूकतेलाही महत्त्व असते.

वाहनाची रचना

कार कॅरिअरमध्ये पुढे ओढणारे वाहन आणि त्याला जोडलेला लांब ट्रेलर असतो. भारतात बाजूंनी पत्र्याने बंद केलेले ट्रेलर मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. आत दोन मजले असतात. वरच्या मजल्याचा मागील भाग खाली झुकवून त्याचा चढ तयार करता येतो. लहान आकाराच्या सुमारे आठ मोटारी एका खेपेत मावतात. हा माल आकारमानाच्या मानाने हलका असतो. मात्र वाहनाची उंची जास्त आणि बाजू सपाट व मोठ्या असल्याने जोराच्या वाऱ्याचा व तीव्र वळणांचा त्यावर परिणाम होतो. विजेवर चालणाऱ्या मोटारी बॅटरीमुळे अधिक जड असतात. त्या नेताना वजनाची विभागणी नव्याने ठरवावी लागते.

मोटारी चढवणे व बांधणे

मोटार ताब्यात घेताना चालक तिची चारही बाजूंनी पाहणी करतो. ओरखडा, पोचा किंवा काचेवरील तडा आढळल्यास त्याची नोंद कागदपत्रांवर करून घ्यावी लागते. ही नोंद राहून गेल्यास नुकसान वाहतुकीत झाले असे धरले जाण्याचा संभव असतो.

वरच्या मजल्याचा झुकवलेला भाग खालच्या मजल्याची वाट अडवतो, म्हणून सामान्यतः वरचा मजला आधी भरतात. एकाहून अधिक ठिकाणी माल द्यायचा असल्यास शेवटी उतरवायची मोटार आधी चढवली जाते. हा क्रम चुकला तर वाटेत इतर मोटारी खाली काढून पुन्हा चढवाव्या लागतात.

चढावर मोटारीच्या दोन्ही बाजूंना फार थोडी जागा उरते. बाजूचे आरसे मिटवून, क्लचवर ताबा ठेवून, सहायकाच्या खुणांवर मोटार संथपणे वर न्यावी लागते. जागेवर पोचल्यावर दार पूर्ण उघडत नाही. अरुंद फटीतून अंग चोरून बाहेर पडावे लागते आणि ते करताना दार ट्रेलरच्या खांबाला लागू द्यायचे नसते. पट्ट्याचे बक्कल, घड्याळ किंवा कपड्यांवरील धातूची बटणे यांनी रंगावर ओरखडे येऊ शकतात, म्हणून कामाच्या वेळी ती टाळतात.

यानंतर हातब्रेक ओढून चाकांना अडसर (उटी) लावतात आणि चाके पट्ट्यांनी मजल्याशी आवळतात. प्रत्येक मोटारीची चारही चाके बांधायची झाल्यास आठ मोटारींसाठी ३२ वेळा पट्टे आवळावे लागतात व पोचल्यावर तितक्याच वेळा सोडवावे लागतात. वाहन हलू लागल्यावर टायर व स्प्रिंग दबून पट्टे सैल होतात. त्यामुळे थोडे अंतर गेल्यावर आणि पुढे प्रत्येक थांब्यावर ते पुन्हा तपासणे आवश्यक ठरते.

शारीरिक ताण व धोके

पट्टे आवळताना खांदे, मनगटे व पाठीवर भार येतो. खालच्या मजल्यावर वाकून किंवा गुडघ्यांवर बसून काम करावे लागते. बंद ट्रेलरमध्ये उन्हाळ्यात उष्णता साठते. वरच्या मजल्यावरून पडणे हा या कामातील सर्वांत गंभीर धोक्यांपैकी एक आहे. पावसात ओला झालेला लोखंडी चढ, तेलाचे डाग आणि अपुरा उजेड यांमुळे तो वाढतो. घट्ट तळव्यांचे बूट, हातमोजे, उजेडाची सोय आणि घाई न करणे हे त्यावरील मुख्य उपाय होत.

त्यानंतर अनेक तासांचे बैठे काम, वाहनाची कंपने व अपुरी झोप यांचा ताण पडतो. मोबदला खेपेवर ठरलेला असेल, तर भरण्या-उतरवण्यात व प्रतीक्षेत गेलेला वेळ वाटेत भरून काढण्याकडे कल होतो. तसे झाल्यास थकलेल्या शरीरानेच घाट उतरण्याची वेळ येते.

घाटातील वाहनचालन

वळणावर ट्रेलरची मागील चाके पुढील चाकांपेक्षा आतून जातात. म्हणून चालकाला वळण रुंद घ्यावे लागते आणि मागचा कोपरा बाहेर किती झुकतो यावरही लक्ष ठेवावे लागते. झाडांच्या फांद्या, विजेच्या तारा व कमानी यांची उंची त्याला आधीच हेरावी लागते. उतारावर खालचा गिअर व एक्झॉस्ट ब्रेक वापरतात. सतत पायाचा ब्रेक दाबल्यास ब्रेक तापून त्यांची पकड कमी होते.

महाराष्ट्रात पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव व नाशिक ही मोटारनिर्मितीची प्रमुख केंद्रे आहेत. ती सर्व सह्याद्रीच्या पूर्वेस असल्याने तेथून कोकणात रस्त्याने येणाऱ्या मोटारींना घाट उतरावाच लागतो. रत्नागिरी शहरालगतच्या मिरजोळे येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे औद्योगिक क्षेत्र आहे. कोल्हापूरहून या भागाकडे येणारा मार्ग आंबा घाट उतरून साखरपा, पाली व हातखंबा येथून जातो. कराडहून चिपळूणकडे कुंभार्ली घाट आहे. मुंबईकडून येणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६६ वर कशेडी व परशुराम हे घाट लागतात. पावसाळ्यात धुके, दरडी व निसरडा रस्ता यांमुळे या मार्गांवर वेळेचा अंदाज बांधणे कठीण होते.

कोकण रेल्वेने १९९९ साली कोलाड ते वेर्णा या स्थानकांदरम्यान भरलेले ट्रक रेल्वेच्या सपाट डब्यांवरून नेण्याची 'रो-रो' सेवा सुरू केली. नव्या मोटारींची वाहतूक विशेष रेल्वे डब्यांतूनही होते. तथापि रेल्वेस्थानकापासून विक्रेत्यापर्यंतचा टप्पा रस्त्यानेच पूर्ण करावा लागतो.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार परिवहन वाहन चालवण्यासाठी किमान वय २० वर्षे आहे. त्याच्या शिकाऊ परवान्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष धारण केलेला असावा लागतो. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने प्रौढ कामगारांसाठी सर्वसाधारणपणे दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. लांब पल्ल्याच्या वाहतुकीसाठी ती काही अटींवर दिवसाला १० व आठवड्याला ५४ तासांपर्यंत वाढवता येत असे. सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याची तरतूदही या अधिनियमात होती. नव्याने निर्मित होणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहू वाहनांच्या चालककक्षात वातानुकूलन बंधनकारक करण्यात आले आहे. हा नियम चालककक्षापुरता असल्याने ट्रेलरच्या आत चालणाऱ्या बांधणीच्या कामाला त्याचा लाभ होत नाही.