कंदुरीचं फडकं

तेलगावच्या चौफुलीवरून एक रस्ता माजलगावला जातो, एक धारूरला, एक वडवणीवरून बीडला. कारखान्याचा पट्टा पडला, ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्या की या रस्त्यांनी निरोप फिरू लागतात, “आमची कंदुरी हाय, या.” कुणाच्या घरी नवसाचं पोर झालेलं असतं, कुणी दवाखान्यातून सुखरूप परत आलेलं असतं. नवस बोललेला असतो पिराला, आणि बोलणारा बहुतेक वेळा हिंदू असतो.

बोकड दर्ग्यापुढं आणतात. त्याच्या पाठीवर पाणी शिंपडतात आणि सगळे गप उभे राहतात. त्यानं अंग झाडलं की पिरानं नवस मानला. नाही झाडलं तर पुन्हा पाणी, पुन्हा हात जोडणं. मी लहानपणी पाहिलेल्या एका कंदुरीत बोकड बराच वेळ नुसता उभा होता. यजमानाची म्हातारी आई त्याच्यापुढं बसली आणि काय चुकलं असेल त्याची माफी मागू लागली. बोकडानं अंग झाडलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग मुलाणी पुढं झाला. गावगाड्यात जनावर कापण्याचं काम त्याचंच. त्यानं बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवल्याशिवाय मटण खायचं नाही, हा नियम आमच्याकडं मराठ्यांच्या घरीही पाळला जाई. त्याचा वाटा ठरलेला असे. नंतर चुली पेटल्या, लोबान जळला, फातिहा झाली आणि पंगत बसली. उरलेलं मटण घरी न्यायचं नाही, तिथंच संपवायचं, असं आम्हाला बजावून ठेवलं होतं.

कंदुरी हा शब्द फारसी. त्याचा मूळ अर्थ जेवताना अंथरायचं फडकं, दस्तरखान. बोकड, सुरी, रक्त यांतलं त्या शब्दात काहीच नाही. जाफर शरीफ या दख्खनी लेखकाचा ‘कानून-ए-इस्लाम’ हा ग्रंथ 1832 साली लंडनला इंग्रजीत छापला गेला. त्यात कंदुरीचं वर्णन आहे, तेही अन्नावर फातिहा देऊन ते वाटण्याचं. हाच शब्द तमिळनाडूत नागूरच्या दर्ग्याच्या उरुसाला आहे. समुद्र ओलांडून तो मलाया-इंडोनेशियात गेला आणि तिथं ‘केंदुरी’ म्हणजे गावजेवण झाला. एवढ्या मुलखांत शब्द फिरला, पण जेवणाला धरून राहिला. हे मला फार मोलाचं वाटतं. बळी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढं सुरी येते. ज्यांनी नाव ठेवलं त्यांच्या डोळ्यांपुढं पंगत होती.

कंदुरीचा माग काढत मागं जाऊ लागलो की वाट जुन्या इस्राएलात जाते. वंशावळ सरळ जोडता येत नाही, पण शब्द वाट दाखवतात. आपण कुर्बानी म्हणतो. हिब्रूत अर्पणाला ‘कोर्बान’ म्हणतात. दोन्हींचा धातू एकच, अर्थ जवळ जाणं. लोबानाला हिब्रूत ‘लेवोना’. धान्याच्या अर्पणावर तो ठेवावा असं बायबलातल्या लेवीय ग्रंथात सांगितलं आहे. आणि नवस फेडताना जो बळी देत त्याचं नाव ‘शेलामीम’. सलाम आणि शालोम या शब्दांच्याच घरातलं.

इस्राएली लोकांत अर्पणाचे प्रकार अनेक. ‘ओला’ म्हणजे वर जाणारं. त्यात कातडं सोडून सगळं जनावर वेदीवर जाळत. ‘हत्तात’मध्ये रक्त वेदीच्या शिंगांना लावत. जेकब मिलग्रोम या अभ्यासकानं असं मांडलं की ते रक्त माणसाला नव्हे, तर माणसांच्या चुकांनी मळलेल्या देवस्थानाला धुऊन काढण्यासाठी होतं. म्हणजे रागावलेल्या देवाला रक्त पाजून शांत करायचं, ही आपली समजूत तिथं नीट लागू पडत नाही. जीव रक्तात असतो म्हणून रक्त खायचं नाही, ते देवाचं, असा त्यांचा दंडक होता.

शेलामीम मात्र अगदी आपल्या कंदुरीसारखं. बळी देणारा जनावराच्या डोक्यावर हात ठेवी. रक्त वेदीच्या बाजूंवर शिंपडत, चरबी देवासाठी जाळत. छाती आणि उजवी मांडी याजकाची. बाकीचं मांस यजमानाचं, पण त्याला मुदत होती. नवसाचं असेल तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी खायचं, तिसऱ्या दिवशी उरलं तर जाळून टाकायचं. उपकार मानण्यासाठी दिलेलं असेल तर सकाळपर्यंतही ठेवायचं नाही. एक अख्खं जनावर एका घरानं एका दिवसात कसं संपवायचं? माणसं बोलवावीच लागतात. मुदत घातली की शेजारीपाजारी आपोआप पंगतीला येतात.

बायबलातच, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, अशी एक पंगत आहे. टेकडीवरच्या देवस्थानी तीसेक माणसं जमली आहेत आणि शमुवेल येऊन आशीर्वाद देईपर्यंत कुणी घास घेत नाही. गाढवं शोधत आलेल्या शौलाला तो वरच्या जागी बसवतो आणि आचाऱ्याला राखून ठेवलेला तुकडा आणायला सांगतो. आचारी मांडी आणून शौलापुढं ठेवतो. पुढं राजा होणाऱ्या माणसाला मान मिळाला तो आधी वाढण्यातून. त्याच पुस्तकात शिलोच्या देवस्थानातल्या याजकाच्या मुलांची तक्रारही आहे. त्यांचा गडी तीन दातांचा काटा घेऊन येई, शिजत्या हंड्यात खुपसे आणि वर येईल ते घेऊन जाई. चरबी जाळण्याआधीच कच्चं मांस मागे, नाही दिलं तर दमदाटी करी. तिथं हे पाप समजलं गेलं, कारण वाटा मोडला होता.

इ.स.पू. सातव्या शतकात योशिया राजानं गावोगावची देवस्थानं बंद केली. बळी फक्त यरुशलेमला द्यायचा. लांबच्या गावांनी खायचं जनावर घरीच कापावं, रक्त पाण्यासारखं जमिनीवर ओतावं, अशी मुभा बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथात आहे. पुढं इ.स. 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि बळी थांबले. त्यांची जागा प्रार्थनेनं घेतली. नाब्लूसजवळ गरिझीम डोंगरावर शोमरोनी (समॅरिटन) लोक वल्हांडणाच्या सणाला आजही कोकरं कापतात, तेवढंच.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंनी, म्हणजे शनवार तेल्यांनी, नवस मात्र सोडला नाही. तो ते एलियाहू हन्नाबीला बोलतात. कर्मेल डोंगरावर गोऱ्हा कापून वेदीवर ठेवणारा आणि आकाशातून अग्नी मागणारा संदेष्टा तो. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण दाखवतात. त्याला ते वाहतात मलिदा: गोड केलेले पोहे, ओलं खोबरं, वर फळं. मलिदा हाही शब्द फारसी, मळलेलं या अर्थाचा. आमच्याकडं चपाती कुस्करून गूळ घालून पिराला दाखवतात तोही मलिदाच.

गाडगेबाबांनी गावोगाव हात जोडून सांगितलं की देवापुढं मुकं जनावर कापू नका, कर्ज काढून जेवणावळी घालू नका. त्यांचं म्हणणं मला पटतं. ऊसतोडीसाठी घेतलेली उचल फिटली नाही तरी कंदुरी झालीच पाहिजे म्हणून दुसरी उचल घेणारी घरं मी पाहिली आहेत. पण त्याच घरांना वर्षातून एकदाच चार गावांची माणसं आपल्या अंगणात जेवलेली बघायला मिळतात, हेही मी पाहिलं आहे. सहा महिने दुसऱ्याच्या फडात पालं ठोकून राहिलेल्या माणसाला त्या दिवशी यजमान म्हणतात.

त्या लहानपणीच्या कंदुरीत शेवटी म्हातारी जेवायला बसली. सगळ्यांचं झालं का, असं तिनं तीनदा विचारलं. मग मलिद्याचं ताट ओढलं आणि पहिला घास मुलाण्याच्या लेकराला दिला.