धान्याचं पोतं की नियमाचं पुस्तक? दुष्काळातल्या संस्थांचा परिणाम मोजताना

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी समितीपुढे आराखडा मांडला, तेव्हा माझ्या हातात एक तक्ता होता. विषय ढोबळमानाने असा: महाराष्ट्रातले दुष्काळ आणि लोकांनी स्वतःहून उभं केलेलं मदतकार्य. तक्त्यात रकाने होते: संस्थेचं नाव, साल, जमलेली वर्गणी, वाटलेलं धान्य, जेवलेली माणसं. मला वाटत होतं, हे रकाने भरले की प्रबंधाचा कणा तयार झाला. समितीतल्या एका प्राध्यापकांनी तक्ता पाहिला आणि एवढंच विचारलं, "ही माणसं पुढच्या वर्षी काय जेवली?"

मला उत्तर देता आलं नाही. ही पोस्ट त्या प्रश्नाबद्दल आहे. अन्नसुरक्षा, दारिद्र्य आणि स्वयंसेवी संस्था या विषयावर तुम्ही आराखडा लिहीत असाल, तर कधी ना कधी तुम्हालाही तो प्रश्न येणार. मी माझ्या अभ्यासातल्या तीन दुष्काळांच्या आधाराने सांगते: १८७६-७८, १८९६-९७ आणि १९७२-७३.

पहिला दुष्काळ: दोन संस्था, दोन कामं

१८७६ चा पाऊस दख्खनमध्ये फसला. मुंबई आणि मद्रास इलाखा, म्हैसूर, हैदराबाद असा मोठा पट्टा होरपळला. सरकारी अंदाजानुसारही बळींची संख्या पन्नास लाखांच्या पुढे जाते. पुणे जिल्ह्यात त्या वेळी दोन संस्था काम करताना दिसतात.

एक सत्यशोधक समाज, स्थापना १८७३. समाजाच्या कार्यकर्त्यांनी अन्नछत्रं चालवली. धनकवडीच्या व्हिक्टोरिया बालाश्रमात दुष्काळी भागातल्या मुलांना जेवण मिळत होतं आणि त्यासाठी जोतीराव फुल्यांनी १८७७ च्या मे महिन्यात मदतीचं जाहीर आवाहन केलं. सावित्रीबाई तेव्हा जुन्नरकडे ओतूरला होत्या. २० एप्रिल १८७७ चं त्यांचं पत्र तुम्ही वाचलं नसेल, तर जरूर वाचा. त्यात गावं सोडून निघालेली माणसं आहेत, आणि सावकारांशी झालेला संघर्ष, कार्यकर्त्यांची धरपकड, कलेक्टरशी झालेलं बोलणंही आहे. म्हणजे जेवण देणाऱ्या संस्थेलाही सावकार आणि सरकार या दोघांना टाळून जेवण देता येत नव्हतं.

दुसरी पुणे सार्वजनिक सभा, स्थापना १८७०. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि त्यांच्यामागे न्यायमूर्ती रानडे. सभेने तालुक्यातालुक्यांतून माहिती मागवली, पाहणीला माणसं पाठवली आणि ती माहिती जोडून सरकारकडे एकामागून एक निवेदनं पाठवली. पिकाची स्थिती काय, बाजारभाव काय, कामावर मजुरी किती, लोक कुठे चाललेत. आजच्या भाषेत सांगायचं तर ही क्षेत्रपाहणीच होती.

माझ्या तक्त्यात सत्यशोधक समाजाची ओळ भरली जात होती. सभेच्या ओळीत 'वाटलेलं धान्य' या रकान्यात काय लिहायचं? कागद वाटले, असं?

एक पौंडाचं भांडण

त्या कागदांचं मोल समजायला मजुरीचं भांडण समजून घ्यावं लागतं. दुष्काळात सरकार रस्ते, तलाव अशी कामं काढायचं आणि मजुरी द्यायचं. १८७७ च्या जानेवारीत व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागात पाठवलं. १८७३-७४ च्या बिहारच्या दुष्काळात याच टेंपल यांनी सढळ हाताने खर्च केला होता आणि त्याबद्दल टीका सोसली होती. या वेळी ते काटकसर सिद्ध करायलाच आले होते. त्यांनी सुचवलेली मजुरी म्हणजे दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर थोडी रोकड. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला.

शिवाय धडधाकट माणसांनी गावाजवळची कामं सोडून लांबच्या मोठ्या कामांवर जावं, असा हुकूम निघाला. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी हे नाकारलं आणि ते कामं सोडून निघून गेले. उपाशी माणसांनी केलेला हा संप आहे, हे लक्षात घ्या. सभेने त्यांची बाजू आकड्यांनिशी सरकारपुढे मांडली. तिकडे मद्रासमध्ये आरोग्य खात्याचे डॉ. कॉर्निश एवढ्या अन्नावर श्रम करणारं शरीर टिकणार नाही, हे वैद्यकीय अंगाने सांगत होते. मे १८७७ मध्ये मद्रासची मजुरी वाढली.

इथे मी पहिली मोठी चूक करता करता वाचले. उत्साहाच्या भरात मी लिहिलं होतं, 'सभेच्या प्रयत्नांमुळे पुढे फॅमिन कोड आला.' घटनाक्रम खरा आहे. १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि १८८३ मध्ये फॅमिन कोडचा मसुदा झाला. संकटाची लक्षणं कशी ओळखायची, चाचणीची कामं कधी काढायची, मजुरी धान्याच्या भावाशी कशी जोडायची, काम न होणाऱ्यांना फुकट मदत कशी द्यायची, हे सगळं त्यात आलं. पण 'नंतर झालं' म्हणजे 'त्यामुळे झालं' असं होत नाही. आयोगाला स्वतःची कारणं होती: खर्चाचा हिशेब, ओरिसाच्या १८६६ च्या दुष्काळाची नामुष्की, मृत्यूंचे आकडे, अधिकाऱ्यांमधले वाद. सभा त्या आवाजांपैकी एक होती. एवढंच म्हणता येतं, आणि एवढंच म्हणावं.

दुसरा दुष्काळ: नियम वाचून दाखवणं

मग परिणाम शोधायचा कुठे? मला तो १८९६ मध्ये सापडला.

तोवर नियम पुस्तकात होता. सार्वजनिक सभाही बदलली होती. १८९५ मध्ये ती लोकमान्य टिळकांच्या गटाकडे गेली आणि रानडे-गोखले मंडळींनी १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली. १८९६ ला पुन्हा पाऊस फसला, तेव्हा सभेने आपले प्रतिनिधी गावोगाव पाठवले. त्यांचं काम काय? फॅमिन कोडमध्ये काय लिहिलंय ते शेतकऱ्यांना मराठीत सांगणं. पीक बुडालं तर सारा तहकूब किंवा माफ होऊ शकतो, तो मागा. काम मागा. 'केसरी'तूनही हेच सांगितलं जात होतं.

यात धान्याचा एक दाणाही नव्हता. तरी सरकार बिथरलं. प्रतिनिधींवर खटले भरले गेले आणि १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेतली गेली. यापुढे सरकार तिची निवेदनं घेणार नव्हतं.

संशोधक म्हणून मला ही प्रतिक्रिया फार मोलाची वाटते. संस्थेचे स्वतःचे अहवाल नेहमी थोडे फुगलेले असतात, कारण ते वर्गणीदारांसाठी लिहिलेले असतात. पण विरोधकाचं दफ्तर तसं नसतं. आपल्याच नियमाची माहिती लोकांना देणं राज्यकर्त्यांना धोक्याचं वाटलं, याचा अर्थ कागदावरचा नियम आणि गावातला व्यवहार यात अंतर होतं आणि ते अंतर कोणीतरी मोजायला लागलं होतं. तेव्हा परिणाम शोधताना संस्थेच्या अहवालाइतकंच तिच्यावर चिडलेल्यांचं लेखनही वाचा.

पण बोलत कोण होतं?

आता दुसरी बाजू. सार्वजनिक सभेचा सभासद व्हायला किमान ५० जणांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. म्हणजे आपण लोकांचे प्रतिनिधी आहोत, हा सभेचा दावा हवेतला नव्हता. तरीही सभा मुख्यतः शहरी, उच्चवर्णीय, वकील-सरदार-व्यापारी मंडळींची होती आणि जोतीरावांनी तिच्यावर यासाठी कडक टीका केली. सारामाफीचंच उदाहरण घ्या. ती मिळाली तर फायदा खातेदाराला. ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्या मजुराला सारामाफीने काय मिळणार? त्याला हवी होती मजुरी आणि तीही पोटापुरती.

म्हणूनच 'लोकांनी चालवलेला कार्यक्रम' हा शब्द वापरताना मी आता थबकते. लोक म्हणजे कोण, हे तपासल्याशिवाय तो शब्द लिहायचा नाही, असा नियमच केलाय. एकाच गावात एकाच मदतीचा खातेदारावर, भूमिहीनावर आणि एकट्या बाईवर वेगवेगळा परिणाम होतो. सरासरी काढली की हे तिघंही गायब होतात.

तिसरा दुष्काळ: आजीचं मस्टर

१९७२ चा दुष्काळ आमच्या घरात अजून बोलला जातो. आजी तेव्हा पाझर तलावाच्या कामावर होती. मी रेकॉर्डर लावून बसले आणि विचारलं, "तेव्हा खायला काय मिळायचं गं?" तिने सुकडी सांगितली, मिलो नावाची लाल ज्वारी सांगितली, तोंड वाकडं केलं आणि लगेच मस्टरवर आली. मस्टरवर नाव होतं की नाही, मुकादमाने खाडे किती लावले, पगार किती आठवडे थकला, मग सगळ्या बायका मिळून तहसील कचेरीवर कशा बसल्या. अर्धा तास ती मस्टरबद्दलच बोलत होती.

ऐन भरात, १९७३ च्या उन्हाळ्यात, महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. त्या दुष्काळात शेतीचं उत्पादन भयंकर घसरलं, पण १८७७ सारखा मृत्यूचा तांडव झाला नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या पुस्तकात मांडलेलं सूत्र इथे उपयोगी पडतं: धान्य देशात आहे की नाही यापेक्षा ते मिळवण्याचा हक्क आणि ऐपत माणसाकडे आहे की नाही, हे आधी पाहा. ज्याँ द्रेझ यांनी महाराष्ट्राच्या या दुष्काळाचा अभ्यास करून दाखवलं, की कामाच्या मजुरीमुळे लोकांच्या हातात पैसा आला आणि पैशामागे धान्यही आलं.

हे सरकारने आपणहून केलं का? वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात प्रयोग करून रोजगार हमीची कल्पना मांडली होती, ती शासनातूनच आली. पण कामं पुरेशी निघावीत, मजुरी वेळेवर आणि वाढवून मिळावी म्हणून डावे पक्ष, मजूर संघटना आणि कामावरच्या बायका रस्त्यावर होत्या. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाईविरोधी आघाडीचं लाटणं वाजत होतं. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितल्यावर १५ दिवसांत काम, नाहीतर भत्ता. एके काळी सरकारची मेहेरबानी असलेली गोष्ट आता मागता येणारा हक्क झाली. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याच्या मागे हाच अनुभव होता.

मात्र दारिद्र्याचं काय? रोहयोने चूल पेटती ठेवली. पण जमिनीची वाटणी, पाण्याची मालकी, सावकाराचं कर्ज तिथेच राहिलं. आजीने बांधलेल्या तलावाचं पाणी आजीच्या शेताला मिळालं नाही, कारण आजीला शेतच नव्हतं. ते खालच्या अंगाच्या खातेदारांच्या विहिरींना लागलं. भूक टळणं आणि गरिबी हटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आराखड्यात त्या एका वाक्यात 'आणि'ने जोडू नका.

तर मग आराखड्यात काय लिहाल?

मी जे चुकत चुकत शिकले, ते तीन प्रश्नांत सांगते.

एक, संस्थेने काय दिलं: वस्तू, माहिती की मागण्याची ताकद? तिन्हींचा परिणाम वेगळ्या वेगाने आणि वेगळ्या दफ्तरात दिसतो. वस्तूंचा हिशेब वर्गणीच्या वहीत सापडेल. माहितीचा माग अर्जांत आणि निवेदनांत लागेल. मागण्याची ताकद बहुधा पोलिसांच्या आणि कलेक्टरांच्या कागदांत दिसते, नाहीतर आजीच्या तोंडून ऐकू येते.

दोन, संस्था गेल्यावर काय उरलं? अन्नछत्र बंद झालं की जेवण थांबतं. म्हणून अन्नछत्र कमी दर्जाचं ठरत नाही. धनकवडीत जेवलेल्या मुलाला फॅमिन कोडची वाट पाहण्याइतका वेळ नव्हता. तेव्हा जगलेलं मूल हाही परिणामच आहे, तो स्वतंत्रपणे नोंदवा.

तीन, कोणाला मिळालं नाही? हा रकाना कुठल्याही अहवालात भरलेला नसतो. तो आपल्यालाच भरावा लागतो.

माझा तक्ता अजून आहे. त्यात 'जेवलेली माणसं' हा रकाना तसाच ठेवलाय. शेजारी आणखी दोन आलेत: 'काय मागायला शिकली' आणि 'कोण मागू शकलं नाही'. शेवटच्या रकान्यातल्या बऱ्याच ओळी रिकाम्या आहेत. पुढच्या महिन्यात त्यासाठीच आजीच्या तेव्हाच्या सोबतिणींना भेटायला जायचंय. त्यातल्या तिघी हयात आहेत, आणि त्यांपैकी एकीचं नाव, आजी सांगते, मस्टरवर कधी चढलंच नाही.