मितभाषी माणसाची खुर्ची

‘बोलणाऱ्याची बोरे विकली जातात’ ही आपल्याकडची जुनी म्हण. बाजारापुरती ती खरी असेलही. परंतु शासनाच्या कचेरीत ती खरी ठरू लागली की राज्यकारभाराचे नुकसान होते, असे माझे इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरचे मत आहे. बैठकीत ठणठणीत आवाजात बोलणारा अधिकारी वरिष्ठांच्या लक्षात राहतो. ज्याच्या टिपणीवर ती बैठक चाललेली असते, तो मितभाषी अधिकारी मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून इतिवृत्त लिहीत असतो. पुढे महत्त्वाच्या पदासाठी नावे निघतात तेव्हा पहिल्याचे नाव चटकन आठवते, दुसऱ्याचे कोणाला सुचतही नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार, उमेदवाराची खरी गुणवत्ता नेमणूक करणाऱ्याला थेट दिसत नसते. म्हणून तो बाह्य संकेतांवरून अंदाज बांधतो. सरकारी कामाला नफातोट्याचा ताळेबंद नसल्यामुळे येथे गुणवत्ता मोजणे अधिकच कठीण. अशा वेळी वक्तृत्व हा सहज हाती लागणारा संकेत ठरतो. संकेत आणि गुणवत्ता एकच आहेत असे मानणे ही मात्र घोडचूक होय. याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच प्रजासत्ताकाच्या आरंभकाळात सापडतो.

मार्च १९५० मध्ये सुकुमार सेन भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आणि लंडन विद्यापीठात शिकलेले, गणिताचे सुवर्णपदक मिळवलेले सेन १९२१ साली आय.सी.एस.मध्ये दाखल झाले होते. जिल्ह्यांत आणि न्यायदानात बरीच वर्षे घालवून ते पश्चिम बंगालचे मुख्य सचिव झाले. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवले आहे की सेन यांनी आपल्यामागे ना आत्मचरित्र ठेवले, ना खाजगी कागदपत्रे. जगातील तोवरची सर्वांत मोठी निवडणूक पार पाडणारा माणूस स्वतःविषयी मौन पाळून गेला.

कामाचा आवाका पाहा. सतरा कोटींहून अधिक मतदार, त्यांपैकी सुमारे ८५ टक्के निरक्षर. २ लाख २४ हजार मतदान केंद्रे. प्रत्येक उमेदवारासाठी चिन्ह चिकटवलेली स्वतंत्र मतपेटी, म्हणून सुमारे २० लाख पोलादी पेट्या. त्यांतल्या कित्येक मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. याद्या टंकलिखित करण्यासाठी साडेसोळा हजार कारकून. याद्यांचे मूळ काम घटना समितीच्या सचिवालयाने आयोग स्थापन होण्यापूर्वीच सुरू केले होते, तेथेही बी. एन. राव यांच्यासारखा पडद्याआड राहणारा सनदी अधिकारीच सूत्रे हलवत होता.

पंडित नेहरूंनी १९५१ च्या वसंतात निवडणूक व्हावी अशी आशा संसदेत व्यक्त केली होती. पण निवडणूक कशी घ्यावी हे ठरवणारा लोकप्रतिनिधित्व कायदाच जुलै १९५१ मध्ये संमत झाला. पहिले मत पडले ते २५ ऑक्टोबर १९५१ रोजी, हिमाचलातल्या चिनी भागात, बर्फाने वाटा बंद होण्यापूर्वी. आणि मतदान आटोपले फेब्रुवारी १९५२ मध्ये. लोकप्रिय पंतप्रधानाची उत्सुकता एका बाजूला आणि कामाला लागणारा वेळ दुसऱ्या बाजूला, असा तो प्रसंग होता. अखेर वेळापत्रक ठरले ते कामाच्या हिशेबाने.

धैर्याची खरी कसोटी मात्र याद्यांच्या वेळी लागली. उत्तरेकडील अनेक स्त्रियांनी आपले नाव सांगण्याऐवजी ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशी नोंद करवली होती. अशी नोंद चालणार नाही, प्रत्येक स्त्रीने स्वतःच्या नावाने मतदार व्हावे, असा आयोगाचा निर्णय झाला. बिहारमध्ये नावे दुरुस्त करण्यासाठी महिन्याची मुदतवाढ दिली गेली. तरीही सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी अंदाजे २८ लाखांची नावे वगळावी लागली. ओरड झाली. सेन यांचे म्हणणे असे की ही ओरड इष्टच आहे, कारण तिच्यामुळे पुढच्या निवडणुकीपर्यंत हा संकोच मावळेल. या निर्णयाची किंमत त्या २८ लाख स्त्रियांनी मोजली, हे विसरता येत नाही आणि त्यावर मतभेद होऊ शकतात. परंतु निर्णय घेऊन त्याची कारणे मांडणे आणि टीकेपुढे स्थिर राहणे यालाच नेतृत्व म्हणतात. त्याला खड्या आवाजाची गरज पडली नाही.

सेन लोकांसमोर आले ते कागदावरून. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा आयोगाचा अहवाल १९५५ साली प्रसिद्ध झाला. काय केले, कोठे अडले, पुढे काय सुधारावे, याचा तो सविस्तर जमाखर्च आहे. तोवर त्यांच्या कामाची कीर्ती देशाबाहेर पोहोचली होती. सुदानमधील १९५३ च्या निवडणुकीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९५७ ची दुसरी निवडणूकही त्यांनीच पार पाडली आणि जुन्या मतपेट्या जपून ठेवल्यामुळे मोठा खर्च वाचला.

हे कशामुळे शक्य झाले? केवळ स्वभावामुळे नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद ३२४ ने मुख्य निवडणूक आयुक्ताला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासारखे संरक्षण दिले. त्याला सहजासहजी दूर करता येत नाही. याच खुर्चीवर १९९० ते १९९६ या काळात टी. एन. शेषन बसले आणि त्यांचा आवाज देशभर दुमदुमला. दोघांच्या पद्धती भिन्न, पण दोघांच्या पाठीशी उभा असलेला अनुच्छेद एकच. शांत माणसाला आत्मविश्वास द्यायचा असेल तर त्याला भाषणकलेच्या वर्गात पाठवण्याआधी त्याच्या पायाखालची जमीन पक्की करावी, हा यातला धडा आहे.

आपल्या मूल्यमापन पद्धतीत याची जाणीव अगदीच नाही असे नाही. अखिल भारतीय सेवांसाठी २००७ साली जे मूल्यमापन नियम आले, त्यांच्या नमुन्यात संवादकौशल्याच्या जोडीला व्यावसायिक भूमिका घेण्याचे नैतिक धैर्य हाही निकष होता. अडचण अशी की पहिले बैठकीत दिसते आणि दुसरे बहुधा फाइलीत दडलेले असते. म्हणून वरिष्ठांनी काही साध्या गोष्टी कराव्यात. विषयपत्रिका दोन दिवस आधी द्यावी आणि मते लेखी मागवावीत. चर्चेत सर्वांत कनिष्ठाला आधी बोलू द्यावे. साहेबांचे मत ऐकल्यावर शांत माणूस बोलतच नाही. ज्याने टिपणी लिहिली, त्यानेच ती मंत्र्यांसमोर मांडावी. आणि अहवाल लिहिताना त्या वर्षातील दोन-तीन फाइली पुन्हा उघडून पाहाव्यात.

मितभाषी सहकाऱ्यांनाही एक सांगणे आहे. प्रसिद्धीपराङ्मुखता हा गुण असला, तरी कामाची नोंदच न ठेवणे हा गुण नव्हे. सेन स्वतःविषयी गप्प राहिले, कामाविषयी नाही. आपला आक्षेप तोंडी पुटपुटण्याऐवजी सहीनिशी लिहावा. बैठकीत एकच वाक्य बोलायचे असेल तर ते आकड्यानिशी आणि आरंभीच बोलावे. काम संपल्यावर त्याचा अहवाल सिद्ध करावा. आपल्या प्रांतापासून दूर, परक्या भाषेच्या राज्यात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला तर हे अधिकच लागू आहे. तेथे आपले मौन नम्रता म्हणून वाचले जाईलच असे नाही. ते उदासीनता म्हणूनही वाचले जाते.

१९५७ साली बिहारमधल्या ज्या स्त्रीने स्वतःच्या नावाने मत दिले, तिला सुकुमार सेन कोण हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तिचे नाव मात्र यादीत होते.