थंडीपुरता खाऊ

परवा मुलीने चोको-पायचा पुडा आणला आणि फोडण्याआधी उलटसुलट करून हिरवा ठिपका शोधला. तिची ती सवय पाहून मला चिंचवडच्या जुन्या घरातला एक पिवळा खोका आठवला.

1993 च्या डिसेंबरात अण्णा कंपनीच्या कामाने अमेरिकेला जाऊन आले. बॅगेत आमच्यासाठी तो खोका होता. नाव ‘मॅलोमार्स’. खाली गोल बिस्किट, त्यावर मऊ पांढऱ्या मार्शमेलोची टेकडी आणि वरून काळ्या चॉकलेटचे पातळ कवच. “हे तिकडे थंडीतच मिळतं,” अण्णा म्हणाले.

त्यामागचे कारण साधे आहे. नॅबिस्को कंपनीने 1913 साली हे बिस्किट काढले आणि पहिला माल न्यू जर्सीतल्या एका वाण्याला विकला. कोकोचे लोणी आपल्या अंगाच्या उष्णतेलाही वितळते, म्हणून तर चॉकलेट जिभेवर विरघळते. तेव्हा थंडगार मालमोटारी नव्हत्या, दुकानांतही गारवा नव्हता. त्यामुळे सप्टेंबरच्या सुमारास माल यायचा आणि उन्हाळ्याआधी बंद व्हायचा. पुढे शीतगृहे आली, तरी कंपनीने हंगाम मोडला नाही. तिथले शौकीन वसंतात पुडे घेऊन फ्रीजरमध्ये साठवतात.

आजीला यात काहीच नवल वाटले नाही. ती दर पौषात काटेरी हलवा करायची. शेगडीवर परात, परातीत खसखस किंवा तीळ, त्यावर थेंबथेंब पाक आणि बोटांनी सतत हलवणे. हवा कोरडी, गार असेल तरच काटा फुलतो; आभाळ आले की दाणे गुळगुळीतच राहतात. आमच्या घरी पिठालाही ऋतू होता. दळलेले पीठ थंडीत 7 दिवस, उन्हाळ्यात 5 आणि पावसाळ्यात 3 दिवस चालायचे. पदार्थ ऋतू पाहून करायचा, हे तिला शिकवावे लागत नव्हते.

पण तिने दुसरा प्रश्न विचारला. “यात घातलंय काय?”

अण्णांनी खोक्यावरची बारीक अक्षरे वाचली. एक शब्द अडला, जिलेटिन. अण्णांचे एक स्नेही औषध कंपनीत होते. त्यांनी सांगितले, कॅप्सूलचे कवच असते ना, तेच हे. जनावरांची कातडी आणि हाडे उकळून काढतात.

मार्शमेलोचा इतिहास मी नंतर वाचला आणि हसूच आले. मूळचा मार्शमेलो हे एक झाड, आपल्या भेंडी-अंबाडी-जास्वंदीच्या कुळातले. युनानी वैद्यकात त्याला खत्मी म्हणतात. भेंडी चिरताना हाताला येतो तसाच चिकटपणा त्याच्या मुळात असतो. फ्रान्समधले मिठाईवाले एकोणिसाव्या शतकात त्यात साखर आणि अंड्याचा पांढरा बलक फेटून मिठाई करत. पुढे मुळाची कटकट नको म्हणून जिलेटिन आले. म्हणजे आधी जमिनीखालचे मूळ, मग अंडे, मग हाडे! आमच्या ताटात यायला त्याला कुठूनच वाट नव्हती.

खोका शेजारच्या काकूंकडे गेला. संक्रांतीला तो परत आला, हलव्याने भरून. भांडे रिकामे परत द्यायचे नाही, मग ते पुठ्ठ्याचे का असेना.

मधल्या दिवसांत मी काकूंकडे खेळायला गेले आणि तिथे एक बिस्किट खाल्ले. कोणाला सांगितले नाही. पुढच्या भाद्रपदात दशलक्षण पर्व संपले, क्षमावाणीच्या दिवशी आजीसमोर बसले आणि रडत सांगून टाकले.

आजीने विचारले, “आवडलं का गं?”

मी मान हलवली.

“मग आता सोडशील ते खरं सोडणं. न आवडलेलं कुणीही सोडतं.”

त्यानंतर बरेच बदलले. 2001 साली शाकाहारी पदार्थांवर हिरव्या ठिपक्याचा नियम आला. बारीक अक्षरांशी झटापट कमी झाली. कोरियाच्या लोट्टे कंपनीने 2004 मध्ये चेन्नईची पॅरीज ही गोळ्या-चॉकलेटची कंपनी घेतली आणि 2010 मध्ये तिथे चोको-पायचा कारखाना काढला. भारतासाठी त्यातला मार्शमेलो जनावरांच्या जिलेटिनशिवाय बनवला. इकडे 2010 मध्येच क्राफ्टने कॅडबरी विकत घेतली आणि 2012 मध्ये मोंडेलीझ हे नाव आले. त्यामुळे तळेगाव-चाकण रस्त्यावरचा आपला इंदुरीचा चॉकलेट कारखाना आणि अण्णांचे ते मॅलोमार्स आज एकाच घरचे आहेत. त्या रस्त्याने जाताना दर वेळी मला तो पिवळा खोका आठवतो.

आता चोको-पाय वैशाखातही मिळतो. उन्हाने चॉकलेट थोडे मऊ पडते, इतकेच. मुलीने अर्धा तुकडा माझ्यापुढे केला. “तुझं ते असंच लागायचं का?”

चव मला खरेच आठवत नाही. थंडीत दाताखाली ते कवच कट्कन फुटले होते, तेवढे आठवते. तुकडा खाल्ला आणि तिला म्हटले, पौषात गार हवा पडली की परात काढू, काटा फुलतोय का पाहू.