चिमूर : आपल्या गांवाची ओळख



ज्युबिलीचें वर्ष हें कृतज्ञतेनें मागें वळून पाहण्याचें वर्ष होय. ज्या गांवाच्या अन्नपाण्यावर आपण वाढलों, त्याचा वृत्तांतही या प्रसंगीं ठाऊक असावा, म्हणून हा अल्प लेख.

चिमूर हें चंद्रपूर जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण. येथून उमा नदी वाहते. सभोंवार भातशेती आणि पलीकडे ताडोबाचें अरण्य. माघ महिन्यांत श्रीहरि बालाजीची घोडायात्रा भरते, तेव्हां मूर्ति लांकडी घोड्यावर बसवून मिरवितात व खेडोपाडींचे लोक येथें लोटतात. आतां येथें नगरपरिषद आहे, आणि लोकसभेच्या मतदारसंघासही गडचिरोलीसह चिमूरचें नांव आहे.

सन १९४२ मध्यें मात्र हें चांदा जिल्ह्याच्या वरोरा तहसिलींतील एक खेडें होतें. त्या चातुर्मासांत तुकडोजी महाराजांच्या भजनांनीं लोकांचीं मनें जागीं झालीं होतीं. १६ ऑगस्ट रोजीं, नागपंचमीस, फेरी निघाली. पोलिसांच्या गोळीनें बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा बळी पडला. संतप्त जमावानें चार सरकारी माणसांस ठार मारिलें. उपविभागीय अधिकारी डुंगाजी व नायब तहसीलदार सोनवणे हे त्यांपैकीं होत. मागाहून लष्कर आलें. पुरुषांची सरसकट धरपकड झाली, घरें लुटलीं गेलीं, स्त्रियांवर अत्याचार झाले.

या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्रा. भन्साळी यांनीं ६३ दिवस उपोषण केलें; तें १२ जानेवारी १९४३ रोजीं सुटलें. त्याची बातमी छापण्यासही सरकारनें बंदी घातली होती. नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनीं येथें येऊन स्त्रियांची हकीकत ऐकिली, आणि पुढें कैद्यांसाठीं त्या झटल्या. आष्टी-चिमूरच्या ज्या कैद्यांवर फांशी कायम होती, त्यांची शिक्षा १९४५ सालीं जन्मठेपेवर आली.

दरवर्षीं आपण बालाजीचें स्मरण करितों, तें योग्यच आहे. परंतु त्या चार माणसांच्या घरींही त्या दिवशीं चूल पेटली नसेल. तींही याच देशाचीं लेंकरें. जुलुमाचा राग न्याय्य होता, म्हणून हत्या न्याय्य ठरत नाहीं. आणि ज्या भगिनींनीं लाज गिळून आपलें दुःख बोलून दाखविलें, त्यांचें धैर्य गोळी झेलणाऱ्याहून उणें नव्हतें. हुतात्म्यांचीं नांवें आपण मोठ्यानें घेतों. यांचीं नांवें झांकून ठेवणें हाच त्यांचा सन्मान, परंतु त्यांचें ऋण झांकून ठेवूं नये.

मारियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणानंतर दुसऱ्याच दिवशीं हा स्मृतिदिन येतो. त्या दिवशीं आपल्या घरच्या प्रार्थनेंत या सर्वांस स्थान असावें. ज्या गांवाला आपले सर्व मृत आठवतात, तेंच गांव जिवंत होय.