अंतराळकथा, भयाद्भुत (मराठी कुमारसाहित्य आणि खानदेश)

सामान्यतः दहा ते चौदा वर्षे वयाच्या वाचकांसाठी लिहिलेली, अंतराळप्रवास किंवा परग्रहावरील जीवसृष्टी हा विषय असलेली आणि भय व विस्मय या दोन भावनांवर उभारलेली साहसकथा. मराठीत हा कथाप्रकार स्वतंत्र नावाने रूढ झालेला नाही. विज्ञानकथा, साहसकथा व भयकथा हे तीन प्रवाह जेथे एकत्र येतात, तेथे तो आढळतो. भारतीय रसविचारात भयानक रसाचा स्थायी भाव भय, तर अद्भुत रसाचा विस्मय मानला आहे. चांगल्या अंतराळकथेत पहिल्या भावाचे दुसऱ्यात रूपांतर होते. अज्ञात म्हणून जे भीतिदायक वाटत होते, ते कारण कळताच आश्चर्याचा विषय बनते. खानदेशच्या (जळगाव, धुळे व १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा) संदर्भात या रूपांतरास विशेष महत्त्व आहे. आकाशाविषयीचे ज्ञान आणि अज्ञाताविषयीचे भय या दोहोंच्या परंपरा या प्रदेशात शेजारीशेजारी नांदत आल्या आहेत.

प्रादेशिक पूर्वपीठिका : जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावनजीक पाटण (पाटणादेवी) येथे यादवकालीन शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा (जन्म १११४) नातू चंगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने येथे मठ स्थापन केला व त्यास स्थानिक निकुंभ राजांनी दाने दिली, अशी माहिती या लेखात मिळते. लेखाचा काळ शके ११२८ (इ. स. १२०६-०७) हा असून एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांच्या नजरेस आणला. सिद्धांतशिरोमणि (११५०) या ग्रंथाच्या गोलाध्यायात भास्कराचार्यांनी पृथ्वी निराधार अवकाशात स्थित असल्याचे प्रतिपादिले आहे. पृथ्वीला आधार मानला, तर त्या आधारालाही दुसरा आधार मानावा लागेल व ही मालिका कोठेच थांबणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. पायाखाली काहीच नसणे ही कल्पना मुळात भयप्रद होय. येथे ती तर्काच्या साहाय्याने स्वीकारार्ह केली आहे. अंतराळकथेला अभिप्रेत असलेली मनोवृत्ती हीच.

दुसरी घटना १८४३ मधील आहे. त्या वर्षी २९ जून रोजी खानदेशातील एदलाबाद (सध्याचे मुक्ताईनगर) परिसरात मानेगाव येथे अशनिपात झाला. ‘मानेगाव’ या नावानेच हा अशनी जागतिक सूचीत नोंदला गेला आहे. तो डायोजेनाइट या विरळ वर्गातील आहे. या वर्गातील दगड व्हेस्टा या लघुग्रहाच्या कवचातून निघाले असावेत, असे मानले जाते. २०११-१२ मध्ये ‘डॉन’ या अंतराळयानाने व्हेस्टाभोवती प्रदक्षिणा घालून केलेल्या निरीक्षणांनी या मतास पुष्टी मिळाली. तात्पर्य, मंगळ व गुरू यांच्या दरम्यानच्या पट्ट्यातून निघालेली वस्तू पूर्णेच्या खोऱ्यातील शिवारात येऊन पडल्याचे उदाहरण या प्रदेशाच्या इतिहासातच आहे.

याउलट लोकमानसातील अज्ञाताचे रूप वेगळे आहे. वेताळ, मुंजा, हडळ, खवीस व वाटसरूला रानात फिरवत ठेवणारा चकवा यांच्या कथा महाराष्ट्रात इतरत्र जशा आहेत, तशा खानदेशातही सांगितल्या जातात. त्यांचे मनोरंजनमूल्य मोठे असले, तरी भय कथेपुरते मर्यादित राहतेच असे नाही. सातपुड्याच्या परिसरात आजार, मृत्यू वा गुरांची हानी यांसाठी एखाद्या स्त्रीस डाकीण ठरवून तिचा छळ करण्याच्या व प्रसंगी तिला ठार मारण्याच्या घटना घडल्या आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१३ मध्ये केलेल्या जादूटोणाविरोधी अधिनियमात अशा कृत्यांना अपराध ठरविण्यात आले. कारण शोधण्याऐवजी दोषी माणूस शोधणे, हे या प्रथेचे मूळ होय. म्हणून मुलांना कोणत्या प्रकारची भयकथा वाचावयास मिळते, हा प्रश्न या प्रदेशात केवळ अभिरुचीचा राहत नाही.

मराठीतील प्रारंभ : या कथाप्रकाराचा उगम भाषांतरात आहे. फ्रेंच कादंबरीकार झ्यूल व्हेर्न (१८२८–१९०५) याच्या चंद्रप्रवासविषयक कादंबरीचे (१८६५) मराठी रूपांतर कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या केरळ कोकिळ या मासिकातून १९०० च्या सुमारास क्रमशः प्रसिद्ध होऊ लागले. ते सर्वसाधारण वाचकांसाठी होते. कुमारांना समोर ठेवून हे काम प्रामुख्याने भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी केले. बालमित्र या मासिकाचे संपादक आणि ‘फास्टर फेणे’ या बालनायकाचे जनक म्हणून ते प्रसिद्ध आहेत. व्हेर्नच्या कादंबऱ्यांवरून त्यांनी चंद्रावर स्वारी, पाताळलोकची अद्भुत यात्रा, समुद्रसैतान, मुक्काम शेंडेनक्षत्र इ. पुस्तके लिहिली. यांपैकी शेवटच्या पुस्तकाच्या मूळ कादंबरीत (१८७७) एक धूमकेतू पृथ्वीला घासून जातो व तिचा एक तुकडा माणसांसह उचलून नेतो. धूमकेतू म्हणजे अरिष्ट, ही भारतीय वाचकाच्या ओळखीची धारणा येथे कथेच्या आरंभी असते. परंतु त्यावर सापडलेली माणसे लवकरच तापमान, गुरुत्वाकर्षण व दिवसाची लांबी मोजू लागतात. भयाला मोजमापाने उत्तर देण्याचा हा संस्कार भागवतांच्या खेळकर, बोलक्या भाषेमुळे मराठी मुलांपर्यंत सहज पोहोचला.

भारतीय भाषांत बंगालीने या क्षेत्री आधीच आघाडी घेतली होती. सत्यजित राय यांची प्रोफेसर शंकू या शास्त्रज्ञाची पहिली कथा १९६१ मध्ये संदेश या मुलांच्या मासिकात आली. तीत सुंदरबनात उल्का पडून झालेल्या खड्ड्यात शंकूची रोजनिशी सापडते आणि तीतून मंगळावरील भयप्रद अनुभव उलगडतो. अमेरिकेत रॉबर्ट हाइनलाइन यांच्या कुमारांसाठीच्या अंतराळ-कादंबऱ्या १९४७ पासून, तर मॅडलिन लेंगल यांची अ रिंकल इन टाइम ही कादंबरी १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली. दुष्ट शक्तीचे भय आणि विश्वरचनेचे कुतूहल यांचा मेळ लेंगल यांच्या कादंबरीत विशेष आढळतो.

भयकथा व विज्ञानकथा : मराठीत भयकथेची परंपरा प्रौढ वाचकांसाठी विकसित झाली. अनंत अंतरकर यांच्या नवल या नियतकालिकाने गूढ, अद्भुत व वैज्ञानिक कथांना व्यासपीठ दिले. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी विपुल भयकथा-कादंबऱ्या लिहिल्या, तसेच विज्ञानकथाही लिहिल्या. त्यांच्या ‘समर्थ’ या नायकाच्या कथांत अमंगल शक्ती खरी असते व तिचा प्रतिकार आत्मिक सामर्थ्याने होतो. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी प्रौढांसाठी गूढकथा लिहिल्या, तर निम्मा शिम्मा राक्षस, अलबत्या गलबत्या यांसारख्या बालनाट्यांत राक्षस व चेटकीण यांचे भय हास्यात विरघळवून टाकले. मुलांच्या भयाची हाताळणी कशी करावी, याचे दोन मार्ग या लेखकांनी दाखविले : एक सामर्थ्याचा व दुसरा विनोदाचा.

तिसरा, म्हणजे ज्ञानाचा, मार्ग विज्ञानकथेने दिला. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धांनी या लेखनास चालना दिली. १९७४ च्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने आलेली कृष्णविवर ही कथा पारितोषिकास पात्र ठरली. तिचे लेखक खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५) होते. त्यांचा यक्षांची देणगी हा संग्रह १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. अंतराळातील भस्मासुर, प्रेषित, वामन परत न आला या त्यांच्या पुस्तकांची नावेच बोलकी आहेत. भस्मासुर व वामन या पुराणकथांतील आकृती त्यांनी आधुनिक संकटांना दिल्या; त्यामुळे आजीकडून ऐकलेली गोष्ट आणि वेधशाळेतील निरीक्षण यांत मराठी वाचकास अंतर वाटले नाही. धूमकेतू या त्यांच्या कथेत एका हौशी निरीक्षकाला नवा धूमकेतू सापडतो. तो पृथ्वीवर आदळण्याचा धोका शास्त्रज्ञ गुप्तपणे टाळतात. घरच्या मंडळींची मात्र शांतिविधीनेच संकट टळले अशी खात्री होते. भय नाहीसे झाले, तरी त्याचे कारण समजले असे होत नाही, हे या कथेचे मर्म आहे. या पिढीत बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी विज्ञानकथेचा पाया विस्तृत केला. हे लेखन केवळ कुमारांसाठी नव्हते. तथापि कुमारवाचक प्रौढांच्या कपाटातील पुस्तकांकडे वळतच असल्याने ते त्यांच्याही वाचनाचा भाग बनले.

कथातंत्र : भयाद्भुत अंतराळकथेची मांडणी बऱ्याच अंशी भुताच्या गोष्टीसारखीच असते. ओसाड वाड्याच्या जागी निर्मनुष्य यान येते, बंद खोलीच्या जागी हवाबंद कक्ष व मध्यरात्रीच्या शांततेच्या जागी संदेशयंत्रणेचे मौन. दिशा हरवलेले यान हे चकव्याचेच आधुनिक रूप म्हणता येईल. या कथेतील मुले वडीलधाऱ्यांपासून दुरावलेली असतात. मदत येण्यास लागणारा वेळ संकटाच्या वेगापेक्षा अधिक असतो. फरक पडतो तो शेवटात. भुताच्या गोष्टीत भूतकाळातील पाप किंवा अपमृत्यू हे भयाचे मूळ असते, तर अंतराळकथेत ते निसर्गनियमात वा परक्या जीवाच्या गरजेत सापडते. त्यामुळे राक्षस ठरविलेला जीव अखेरीस भुकेलेला, भ्यालेला किंवा वाट चुकलेला असू शकतो. परक्यास शत्रू ठरविण्यापूर्वी त्याची स्थिती जाणून घ्यावी, ही शिकवण उपदेशाविना कथेतच मुरलेली राहते. स्पष्टीकरण फार लवकर दिले, तर कथा पाठ्यपुस्तकासारखी होते आणि मुळीच दिले नाही, तर ती पुन्हा भुताच्या गोष्टीकडे झुकते. या दोन टोकांमधील तोल हीच या प्रकाराची कसोटी होय.

वाचनपरंपरा : हे साहित्य मुख्यतः पुणे-मुंबईत निर्माण झाले, खानदेशात त्याला तयार वाचक लाभला, तो कथाकथन व वाचनालये यांच्या जुन्या परंपरेमुळे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी (१८९९–१९५०) वसतिगृहातील मुलांसाठी हस्तलिखित छात्रालय दैनिक चालविले व १९२८ मध्ये विद्यार्थी मासिक सुरू केले. त्यांच्या नावाने पुढे उभ्या राहिलेल्या कथामालेने शाळाशाळांतून गोष्टी सांगण्याची प्रथा रुजविली. जळगावचे वल्लभदास वालजी वाचनालय १८७७ पासूनचे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे (१९६७) तालुक्यांतील व मोठ्या गावांतील ग्रंथालयांना शासकीय अनुदानाचा आधार मिळाला. ‘बालभारती’ने नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केलेले किशोर मासिक अल्प किमतीत उपलब्ध असल्याने पुस्तकांचे दुकान नसलेल्या गावांतील शाळांतही पोहोचू शकले.

वाचकांची ही पिढी आकाशातील घटनांच्या बातम्यांवरही वाढली. १९६९ मध्ये मानव चंद्रावर उतरला, तर एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले. या दोहोंच्या दरम्यान, जुलै १९७९ मध्ये, अमेरिकेची ‘स्कायलॅब’ ही अंतराळप्रयोगशाळा कोसळणार या बातमीने भारतातही अनेक ठिकाणी घबराट पसरली. प्रत्यक्षात तिचे अवशेष हिंदी महासागरात व पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. अंतराळयुगातही आकाश भीतिदायक राहू शकते आणि ती भीती गणिताने आटोक्यात येते, याचा हा सार्वत्रिक अनुभव होता.

मूल्यमापन : मराठीत कुमारांसाठीच्या अंतराळकथेचा स्वतंत्र व सलग प्रवाह बंगालीच्या तुलनेने क्षीण राहिला. भाषांतरांनी प्रारंभ चांगला केला. परंतु मूळ लेखनात प्रौढ विज्ञानकथेचे पारडे जड झाले व भयाचा अंश बहुधा भयकथेकडे सोपविला गेला. मुलांना भीतिदायक काही देऊ नये, असे मत शिक्षकवर्गात व पालकांत आढळते. हे मत पूर्णतः ग्राह्य नाही. मूल भयाशी परिचित असतेच. ते त्याला घरातून, गावातून व रात्रीच्या अंधारातून मिळालेले असते. त्या भयास कारणाचा शोध घेण्याची सवय जोडणे, हे या कथाप्रकाराचे सामाजिक कार्य होय. जेथे अज्ञात आजाराचा दोष शेजारणीच्या माथी मारला गेला, त्या प्रदेशात हे कार्य गौण मानता येत नाही. त्याच प्रदेशात निराधार पृथ्वीचे गणित शिकविण्यासाठी आठशे वर्षांपूर्वी मठ उभारला गेला आणि परग्रहमालिकेतील नव्हे, तर आपल्याच सूर्यमालेतील एका लघुग्रहाचा तुकडा तेथील शेतात पडला. पाटण व मानेगाव ही नावे खानदेशातील मुलांच्या परिचयाच्या भूगोलातील असल्याने, अंतराळकथेचे बीज त्यांच्यासाठी दूरच्या देशातून आणावे लागत नाही.